आधी नाइटचा चार्ट बघा, मग संशोधनाचं ठरवा

साताऱ्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "३० खाटांचं मुलांचं हॉस्पिटल, त्यातल्या ८ नवजात कक्षाच्या. १४ सिस्टर, मावशी-मामा मिळून ९ जण. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी नवजात बाळांच्या मोठ्या अभ्यासात एक केंद्र म्हणून याल का, असं विचारलंय. त्याच महिन्यात एका औषध कंपनीच्या वतीनंही फोन आला. आमच्या स्टाफला संशोधनातलं काही ठाऊक नाही, आणि वर्षभरात निम्म्या मुली सोडून जातात. दोघींना जीसीपीच्या (संशोधन नियमानुसार कसं करायचं, त्याच्या) कोर्सला पाठवलं तर भागेल का? आणि आमच्यासारख्यांनी या भानगडीत पडावं का?"

डॉक्टर, मी स्वतः डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून मिरजेत ११ वर्षं नवजात कक्षात काढली, नंतर अभ्यासांची को-ऑर्डिनेटर झाले, आणि आता सांगली-सातारा भागातल्या छोट्या हॉस्पिटलांत स्टाफचं ट्रेनिंग घेते. त्यामुळं माझं उत्तर वॉर्डातून बघितलेलं आहे. प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) कसा लिहावा, नमुना किती मोठा घ्यावा, हे तुमचे प्राध्यापक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तुम्ही कोर्सचं विचारलंय, पण माझ्या मते अडचण कोर्सची नाही. पहाटे चार वाजता तुमच्या नवजात कक्षात जे घडतं, ते कागदावर तसंच उतरतं का, हे आधी बघायला हवं. उतरत असेल तर बाकीचं महिन्याभरात शिकवता येतं. उतरत नसेल तर चौदाही जणींना कोर्स करून आणा, तुमच्या केंद्रातून जाणारा आकडा कुणाच्या कामाचा नाही.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. नव्या हॉस्पिटलात गेले की पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नाही. मागच्या आठवड्याचे टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट मागून घेते आणि चहा पीत बघत बसते. एका ठिकाणी (नाव राहू दे) नवजात कक्षात सहा बाळं होती. नाइटचे सगळे रकाने भरलेले, एकही मोकळा नाही, अक्षर सुंदर. सहाही बाळांचं तापमान रात्रभर ३६.८. मधूनच एखादं ३६.७, तेही चवीपुरतं. सगळं एका पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं. थर्मामीटर दाखवा म्हटलं तर ड्रॉवरमधून निघाला. त्याचा सेल दोन दिवसांपूर्वीच गेला होता आणि नव्या सेलचा इंडेंट (मागणीची चिठ्ठी) स्टोअरमध्ये पडून होता.

ती सिस्टर कामचुकार नव्हती. त्या रात्री दोन अॅडमिशन झाल्या होत्या, एका बाळाला झटके येत होते आणि जोडीची मुलगी रजेवर होती. पण सकाळी राउंडला इन्चार्ज बाई रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून नातेवाइकांसमोर बोलायच्या. रिकाम्या रकान्याला बोलणी बसायची, खोट्या आकड्याला नाही. मग पोरीनं काय करावं?

आम्ही तिथं एकच गोष्ट बदलली. तापमान घेणं जमलं नाही तर 'न. घे.' (म्हणजे नाही घेतलं) लिहायचं आणि पुढं दोन शब्दांत कारण: 'न. घे., अॅडमिशन', 'न. घे., सेल नाही'. त्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही, हे हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. हे त्यांनीच सांगायला हवं होतं, मी सांगून कुणी विश्वास ठेवला नसता. पहिल्या आठवड्यात चार्टवर 'न. घे.'चा नुसता पाऊस पडला. डॉक्टर हादरले, म्हणाले, "बाई, तुम्ही येण्याआधी बरं चाललं होतं की." पण ते 'न. घे.' कुठं-कुठं पडलेत हे मांडल्यावर दिसलं की बहुतेक सगळे रात्री दोन ते पाचच्या मधले आहेत. नाइटला माणूस कमी पडतंय हे सिस्टर वर्षभर तोंडी सांगत होत्या. कागदावर ते पहिल्यांदा दिसलं, आणि नाइटला तिसरी मुलगी मिळाली.

जीसीपीच्या कोर्समध्ये नोंदीबद्दल जे शिकवतात ते एवढंच आहे: कुणी लिहिलं ते कळावं, वाचता यावं, घडलं तेव्हाच लिहिलेलं असावं, पहिल्यांदा जिथं लिहिलं तो कागद जपलेला असावा, आणि खरं असावं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसत राहिला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर वॉर्डात दिसला की मी उचलून ऑफिसला देऊन येते. आणि आपल्याकडची एक खास सवय म्हणजे वजन, शुगर, साचुरेशन हे सगळं आधी हातमोज्यावर, मायक्रोपोरच्या (चिकटपट्टीच्या) तुकड्यावर नाहीतर सिरिंजच्या वेष्टनावर लिहायचं आणि ड्युटी संपताना चार्टवर उतरवायचं. अभ्यासाच्या भाषेत तो मायक्रोपोरचा तुकडा म्हणजे मूळ नोंद, आणि तो कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत गेलेला असतो. यावर उपाय व्याख्यानाचा नाही. चार्ट प्रत्येक वॉर्मरला (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेला) टांगा आणि पेन गॉजच्या पट्टीनं बांधून ठेवा. पेन नाही बांधला तर तासाभरात कुणाच्या तरी खिशात जातो, आणि बऱ्याचदा तो खिसा डॉक्टरांचा असतो.

आता, अशा गावात हे करावं का? माझं उत्तर 'करावं' असं आहे, पण कशासाठी ते नीट ठरवून. मुलांच्या बाबतीत आपल्याला 'माहीत असलेल्या' कितीतरी गोष्टी कुणी तपासलेल्या नसतात. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांचा फीस्ट नावाचा अभ्यास आला. तीव्र संसर्ग होऊन रक्ताभिसरण बिघडलेल्या मुलांना भराभर सलाईन द्यावं, हे सगळीकडचं पुस्तकी ज्ञान. तिथं ज्यांना तसं दिलं त्यांच्यात ४८ तासांतले मृत्यू साधारण साडेदहा टक्के निघाले, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ७.३ टक्के. (यावरून जुलाबाच्या पोराचं सलाईन कुणी थांबवू नका. गॅस्ट्रोची मुलं त्या अभ्यासात नव्हतीच, आणि ती हॉस्पिटलं व्हेंटिलेटर नसलेली होती.) मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा प्रश्न मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात सुटलाच नसता. तो साध्या वॉर्डांत सुटला, आणि त्यासाठी तिथल्या डॉक्टर-नर्सना अभ्यासाआधी आणि अभ्यास चालू असताना तातडीच्या उपचारांचं ट्रेनिंग दिलं होतं. म्हणजे ट्रेनिंग आणि संशोधन ही दोन खाती नव्हती.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? महाबळेश्वरचा घाट उतरलं की पोलादपूर आणि पुढं महाड. विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथलेच. २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा जो तुलनात्मक अभ्यास आला, त्यात प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर काय फरक पडतो ते पाहिलं होतं. आपल्या माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या पोरांना दर उन्हाळ्यात विंचू चावतात. तो प्रश्न मुंबईच्या माणसाला सुचला नसता, कारण त्याच्या दारात तो येतच नाही.

तर तुमच्या दारात काय येतं? मी तुमच्या जागी असते तर प्राध्यापकांना 'सहा महिन्यांनी सांगतो' म्हटलं असतं आणि तेवढ्यात घरचाच एक प्रश्न घेतला असता: बाहेरून आलेलं बाळ आमच्या दारात पोचतं तेव्हा किती गार असतं? मेढा, महाबळेश्वर, पाटणकडून थंडीत बाळं येतात. कधी १०८ मधून, कधी भाड्याच्या जीपमधून, दुपट्यात गुंडाळलेली आणि आत लंगोट ओला. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ असावं, ३६ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते मध्यम गारठलेलं. दारात आल्यावर पाच मिनिटांत तापमान, वेळ आणि कुठून आलं, एवढ्या तीनच नोंदी महिनाभर ठेवा. मग एकच बदल करा. उदाहरणार्थ, पाठवणाऱ्या हॉस्पिटलचा फोन आला की आपल्या सिस्टरनं ठरलेली चार वाक्यं बोलायची: बाळाला कोरडं करा, टोपडं घाला, सोबत येणाऱ्या बाईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा, वरून शाल. पुन्हा महिनाभर मोजा.

यात कुठलं नवं औषध नाही, सुई नाही. पण तुमच्या स्टाफला रकाना का असतो, वेळ का लिहायची, आकड्यातून काय दिसतं, हे सगळं स्वतःच्या बाळांवरून कळतं. एवढं करूनही जमलं नाही तर प्राध्यापकांना नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. एक गोष्ट मात्र पाळा. हे पुढं कुठं छापायची इच्छा असेल तर 'ही फक्त गुणवत्ता सुधारणा आहे, परवानगी लागत नाही' असं स्वतःच ठरवू नका. सुरुवातीलाच नैतिकता समितीला (संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीला) विचारा आणि सूट मिळाली तर ती लेखी घ्या.

ट्रेनिंगबद्दल. रविवारी सकाळी हॉलमध्ये प्रोजेक्टर, दोन तासांचं भाषण, वडापाव, हजेरीपत्रकावर सह्या आणि ग्रुप फोटो, हे मीही पुष्कळ केलंय. सोमवारी वॉर्डात काही फरक दिसत नाही. टांझानियातल्या हेडम इथल्या रुग्णालयात नवजात बाळाला श्वास देण्याच्या एक दिवसाच्या कोर्सनंतर काय झालं ते तपासलं, तो अहवाल २०१३ मध्ये आला. बाहुलीवरची कामगिरी सुधारली, पण खऱ्या बाळांच्या बाबतीत फरक पडला नाही. पुढं तिथंच थोड्या-थोड्या वेळाचा सराव वॉर्डातच वारंवार सुरू केला, आणि मग बाळांच्या मृत्यूंत घट दिसली.

म्हणून मी हँडओव्हरला (ड्युटी बदलताना काम सोपवतात तेव्हा) चिकटून दहा मिनिटं मागते, आठवड्यातून दोनदा. दुपारच्या दोनच्या हँडओव्हरला दोन्ही ड्युट्यांच्या मुली भेटतात. नाइटवाल्यांसाठी वेगळं यावं लागतं. ते टाळू नका, कारण सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते आणि कुठल्याही ट्रेनिंगला त्याच झोपलेल्या असतात. दहा मिनिटांत एकच गोष्ट. एक दिवस बाहुली आणि अॅम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी): 'दाबा, दोन, तीन' असं मोठ्यानं म्हणत, मिनिटाला ४० ते ६० श्वास, आणि डोळे मॉनिटरवर नाही तर छातीवर. छाती उचलत नसेल तर मास्क कुठून तरी गळतोय. एक दिवस पॅरासिटामॉलच्या बाटल्या: ५ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे ७५ मिलिग्रॅम. १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर पाऊण मिली, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ३ मिली. आता बाटली बदलली आणि मापाचा आकडा तोच राहिला, तर चौपट डोस गेला. हे फळ्यावर समजावून सांगू नका. दोन्ही बाटल्या हातात द्या आणि सिरिंजमध्ये ओढायला लावा. मी हे घेते तेव्हा निदान एकजण तरी चुकते, आणि ती चुकल्यावर बाकीच्या कायमच्या शिकतात. चुकणारी कधी कधी रेसिडेंट डॉक्टर असते, तेव्हा सिस्टरांना विशेष आनंद होतो.

निम्म्या मुली सोडून जातात म्हणालात. जाणारच. सरकारी भरती निघाली, लग्न ठरलं, पुण्याला दुप्पट पगार मिळाला. त्याविरुद्ध भांडण्यात अर्थ नाही. 'दोघींना तयार केलं' हीच रचना चुकीची आहे, कारण त्या दोघीच आधी जातात. प्रमाणपत्र हातात आलं की बाजारभाव वाढतो. नवी मुलगी पंधरा दिवसांत शिकेल इतकं काम साधं ठेवा आणि पहिले पंधरा दिवस तिला एका जुन्या सिस्टरला जोडून द्या.

आणि मावश्यांना विसरू नका. बाळ कसं धरायचं, कुठल्या बाळाच्या घरचा निर्णय कोण घेतं, कोण दारूच्या वासाचा येतो, हे त्यांना तुमच्याआधी कळतं. संशोधनात त्यांची गाठ कुठं पडते हे मला एकदा वाईट प्रकारे कळलं. आम्ही अर्धा तास बसून एका आईला अभ्यास समजावला, विचार करून सांगा म्हटलं. ती बाहेर गेली आणि मावशीनं मायेनं सांगितलं, "कर गं सही, औषध फुकट मिळतंय, आणि नाही म्हटलं तर डॉक्टरांना बरं वाटत नाही." आई पाच मिनिटांत सही करायला हजर. तिची ती संमती मी धरली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बोललो. मावशीला आम्ही कधी काही सांगितलंच नव्हतं, तिचा काय दोष? आता सगळ्या मावशी-मामांना दोन वाक्यं पाठ असतात: "नाही म्हटलं तरी उपचार तसेच होतात. बाकी सिस्टरांना विचारा."

संमतीवर जरा थांबते, कारण मुलांच्या संशोधनात ट्रेनिंगची खरी परीक्षा इथं होते, आणि बहुतेक ठिकाणी ती 'सही घेणे' या नावानं उरकली जाते.

पहिली गोष्ट, भाषा. इंग्रजीतून आलेले मराठी संमतीपत्रक तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून बघा. 'आपल्या पाल्याचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल' हे वाक्य ऐकून एका आजोबांनी मला विचारलं होतं, "त्यानं दुखंल का?" आम्ही 'चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं, कुठला उपचार मिळणार हे ना डॉक्टर ठरवणार ना तुम्ही' असं सांगतो. चिठ्ठ्या टाकणं गावात प्रत्येकाला कळतं. 'अभ्यास' म्हटलं की शाळेचा अभ्यास वाटतो आणि 'प्रयोग' म्हटलं की लोक उठून जातात. अजून एक. एका पत्रकात लिहिलं होतं, 'बाळाचे एक चमचाभर रक्त घेतले जाईल.' लिहिणाऱ्याला १ मिली म्हणायचं होतं, पण घरातला चमचा ५ मिलीचा. १.४ किलोच्या बाळात सगळं मिळून रक्त असतं १२० मिलीच्या आसपास. संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्याहून जास्त आणि चार आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे या बाळाला एका वेळी १.२ मिली. ही चूक आमच्या एका एएनएम (सहायक नर्स) मुलीनं पकडली, तज्ज्ञांच्या नजरेतून ती सुटली होती. असे बदल करायचे तर समितीकडून मंजूर करून घ्यावे लागतात, आपल्या मनानं पत्रक बदलायचं नाही. पण मागितले की मिळतात.

दुसरी गोष्ट, 'हो' कोण म्हणतंय. तुमच्याकडं बाळ येतं तेव्हा आई बऱ्याचदा दुसऱ्याच हॉस्पिटलात सिझरच्या टाक्यांसह झोपलेली असते. सोबत बाप आणि आत्या. साधारणपणे कमी जोखमीच्या अभ्यासाला आई-वडिलांपैकी एकाची संमती चालते. जोखीम जास्त आणि मुलाला थेट फायदा नाही, असं असेल तर दोघांची लागू शकते. आत्या, आजी कितीही कर्त्या असल्या तरी त्यांची सही चालत नाही. तरीही आजीला बाहेर ठेवून बोलू नका. सही बापाची, पण घरी जाऊन नाही म्हणायला लावणारी आजीच असते. आणि आई आली की तिला पहिल्यापासून पुन्हा सांगा, सही आधीच झालेली असली तरी.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की प्रकरण अवघड होतं. बीडकडून आलेल्या टोळीतलं पोर मुकादम घेऊन येतो. बिल तो भरतो, ते उचलीत धरलं जातं, आणि "करा काय करायचं ते, मी सांगतो त्याला" असं तोच म्हणतो. अशा वेळी बाप मान हलवतो ती कुणासाठी? मी मुकादमाला चहा पाजायला कॅन्टीनला पाठवते आणि आई-बापाशी वेगळं बोलते. शंका राहिलीच तर त्या मुलाला अभ्यासात घेत नाही, उपचार करून सोडते. शिवाय कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला) की कुटुंब गावी परत जाणार. तीन महिन्यांनी तपासणीला बोलवायचं असेल तर ते येणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच कळायला हवं. वाचता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना साक्षीदार तटस्थ लागतो. तो आपला वॉर्डबॉय नको आणि मुकादम तर नकोच.

तिसरी गोष्ट, मूल स्वतः. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मुलांवरच्या संशोधनासाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा, १२ ते १८ मध्ये लेखी. विट्याकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. बापाची सही झाली होती. आम्ही विचारलं तर तो म्हणाला, "सलाईनची सुई चालंल, पण तुमची जादाची नको." एवढी स्वच्छ समज मी मोठ्यांत पाहिली नाही. बाप चिडला, म्हणाला, "त्याला काय विचारताय?" आम्ही त्या मुलाला अभ्यासात घेतलं नाही. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांनी ते बघितलं, आणि त्यानंतर होकार म्हणजे काय हे मला कुणाला शिकवावं लागलं नाही.

शेवटचा मुद्दा संमती कुणी घ्यायची. जो डॉक्टर उपचार करतो त्यानंच विचारलं तर आपल्याकडं "तुम्ही म्हणाल तसं" हेच उत्तर येतं. जबाबदारी तुमचीच राहते, पण बोलणं नेमून दिलेल्या, ट्रेनिंग झालेल्या व्यक्तीनं करावं आणि तिचं नाव कामवाटपाच्या नोंदीत असावं. आणि किती मुलं अभ्यासात घेतली यावर सिस्टरांना पैसे देऊ नका. द्यायचेच तर जादा तासांचे द्या. दर मुलामागे पैसे सुरू झाले की वर सांगितलेलं सगळं वाया जातं.

आता कंपनीचा फोन. माझं मत, या वर्षी नको. औषधाच्या चाचणीला २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागतात. गंभीर दुष्परिणाम घडला तर मुख्य संशोधकानं, म्हणजे तुम्ही, २४ तासांत तो नियामकांना, कंपनीला आणि नैतिकता समितीला कळवायचा असतो. 'गंभीर' म्हणजे फक्त मृत्यू नव्हे, अॅडमिट व्हावं लागलं तरी तो गंभीरच. मी पूर्वी होते त्या एका ठिकाणी अभ्यासातलं मूल तापानं दुसऱ्या गावच्या दवाखान्यात अॅडमिट झालं. आईनं ते ओपीडीतल्या मुलीला सांगितलं, मुलगी "बरं, आता बरंय ना?" म्हणाली आणि विसरली. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. मूल ठणठणीत होतं, पण पुढचा महिना खुलासे लिहिण्यात गेला. रविवारी रात्री हा फोन तुमच्याकडं कोण उचलणार, याचं नाव तुम्ही आत्ता सांगू शकत नसाल तर थांबा. नव्या रेणूची (अगदी नव्या औषधाची) चाचणी असेल तर मुलांच्या बाबतीत संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही लागतं.

प्राध्यापकांच्या अभ्यासाबद्दल दोनच गोष्टी बघा. पहिलं मूल घेण्याआधी त्याची सीटीआरआयवर (चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी झालीय का. आणि तुमच्या केंद्रासाठी कुठली नैतिकता समिती. तुमची स्वतःची नसणार, आणि लगेच बनवायच्या मागेही लागू नका. औषधांच्या चाचण्यांसाठी त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या परिघातली समिती चालते, बाकीच्या संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदलेली. प्राध्यापकांच्या कॉलेजची समिती तुमचं केंद्र आपल्या कक्षेत घेते का, हे त्यांच्याकडून लेखी मागवा.

तुमची परिस्थिती न बघता मी हे लिहिलंय. नाइटला एका सिस्टरकडं पाच-सहा आजारी बाळं असतील तर आधी माणसं वाढवा. इन्चार्ज सिस्टर मनापासून सोबत नसतील तर काहीच सुरू करू नका, वॉर्ड त्यांचा असतो.

राहता राहिला कोर्स. पाठवा, जीसीपीचं प्रमाणपत्र प्राध्यापकांच्या अभ्यासालाही लागेल. पण आधी तो तापमानाचा महिना होऊ द्या. त्यात चार्टवर सगळ्यात जास्त वेळा 'न. घे.' कुणी लिहिलं आणि कारणही नीट लिहिलं, ते बघा. ती एक, आणि दुसरी कायम नाइट मागून घेणारी एखादी जुनी सिस्टर. कोर्सच्या आदल्या रात्री दोघींनाही ड्युटी लावू नका.